झालं, आता घरी

सबंध दिल्लीत, आणि हवं तर नोएडा, गुडगाव, गाझियाबादही त्यात धरा, पदरचं काही न घालता स्वच्छ मराठीत खरं बोलणारी एकच बाई आहे आणि ती माझी वहिनी आहे. अडचण एवढीच, की ती हे सगळं फक्त कुत्र्यांशी बोलते. माणसांच्या वाट्याला तिचं खोटं येतं, आणि तेही बहुतेक हिंदीत. मी तिची एकुलती एक नणंद, त्यामुळे तिच्याबद्दल चांगलं लिहिण्याची माझ्यावर कसलीही सक्ती नाही. उलट चार उणीदुणी काढली तर तो माझा हक्कच समजला जाईल. तरीही छातीठोकपणे सांगते, मयूर विहारात कुत्र्याला अंघोळ घालावी, त्याचे केस कापावेत, नखं काढावीत, कान पुसावेत, तर माझ्या वहिनीनेच. बाकीचे लोक नुसती कुत्री धुतात.

मुळात ती माणसांचं पार्लर चालवायची. सोसायटीखालच्या मार्केटात एक किराणावाला आणि एक चष्मेवाला यांच्यामध्ये तिचं दुकान होतं आणि ते जोरात चालायचं. पण तिथे तिला दिवसभर खोटं बोलावं लागे. "अरे वाह, आप तो बिल्कुल कॉलेज की लड़की लग रही हैं!" हे वाक्य सकाळपासून इतक्या जणींना म्हणून व्हायचं, की संध्याकाळी घरी आल्यावर तिचा घसा बसलेला असे. एके दिवशी एक बाई केसांना रंग लावून घ्यायला आली आणि सोबत आपला ल्हासा जातीचा कुत्रा घेऊन आली. त्याच्या कानांमागे केसांच्या अशा जटा झाल्या होत्या की एखादा साधू लाजला असता. रंग वाळेपर्यंत वहिनीचे हात रिकामे, आणि रिकामे हात तिला सोसत नाहीत. तिने कंगवा घेतला आणि बसली गुंता सोडवत. ती गोष्ट ती अजूनही सांगते. "मी त्याला म्हटलं, दुखणार आहे बाळा, पण थोडंच. तर जेवढं दुखलं तेवढंच त्याने कुईं केलं. आणि झाल्यावर आरशात बघून तोंड वाकडं केलं नाही की शेजारच्या पार्लरचं नाव काढलं नाही. तेव्हाच ठरवलं, बास झाली माणसं." मग ती गुडगावला रीतसर शिकायला गेली. वर्गात सगळी पोरं निळ्या-हिरव्या केसांची. ती पहिल्या दिवशी हिला 'आंटी, आप किसको छोड़ने आई हैं?' म्हणाली, आणि शेवटी शेवटी आपापली चावरी कुत्री तिच्याकडे धरायला देऊ लागली. पार्लरचे आरसे तिने तसेच ठेवलेत. कुत्र्यांनाही स्वतःकडे बघायचा अधिकार आहे, असं तिचं म्हणणं.

तिची पद्धत साधी आहे. कुत्र्याला आधी सगळं सांगायचं आणि मग करायचं. "आता पाणी येतंय. कोमट आहे. आता साबण. डोळ्यांत जाणार नाही, गेला तर माझी चूक. आता मशीन, आवाज घाणेरडा आहे पण करत काही नाही. आता नखं. हे तुला आवडणार नाही, मला माहीत आहे." असं ती अखंड, एका सुरात, कोणी पोथी वाचावी तशी बोलत असते. एकदा एक गृहस्थ आपल्या हस्कीला कुरवाळत "कुछ नहीं होगा बेटा, कुछ नहीं होगा" म्हणत होते. वहिनीने त्यांना बाहेर काढलं. "होगा," ती म्हणाली, "नाखून कटेंगे. आप झूठ बोलेंगे तो वो मुझे काटेगा." आणि सगळं आटोपलं की शेवटचं वाक्य ठरलेलं: "झालं. आता घरी." हे कानावर पडल्याशिवाय तिच्याकडचं एकही कुत्रं टेबलावरून उतरत नाही. मालक दारात उभा राहून नावाने टाहो फोडू दे, बिस्कीट दाखवू दे, कुत्रं आपलं वहिनीच्या तोंडाकडे बघत उभं. मी एकदा तिला विचारलं, या पंजाबी, बंगाली, मल्याळी कुत्र्यांशी तू मराठीत का बोलतेस? तर म्हणाली, "हिंदीत मला खोटं बोलायची सवय लागलीय गं. तोंडातून भलतंच जायचं." परिणाम असा, की मयूर विहारातल्या एका पॉमेरेनियनला 'कोमट' कळतं, आणि दिल्लीतल्याच लक्ष्मीबाई नगरात वाढलेला माझा मुलगा मला विचारतो, "आई, कोमट मतलब?"

या विद्येचा तिला गर्वही आहे आणि तो तिला शोभतो. मंडळाच्या हळदीकुंकवाला ती आली, की बायका जरा जपून बसतात. कारण बोलता बोलता ती समोरचीच्या केसांतून हात फिरवते आणि "खाण्यात काहीतरी कमी पडतंय तुमच्या" असं निदान करून मोकळी होते. माझ्या नवऱ्याच्या कानामागे तर तिने एकदा खरोखर बघितलं. तिच्या अंगावर सदैव कुणाचे ना कुणाचे केस असतात. गेल्या गणपतीला ती आमच्याकडे पैठणी नेसून आली, तेव्हा पदरावर सोन्याच्या तारांसारखे केस चिकटले होते. मी झटकायला गेले तर माझा हात धरला. "थांब ना यार. नोएडाच्या नवाबाचे आहेत ते. गोल्डन रिट्रीव्हर. या वयात इतकी चमक दिल्लीत दुसऱ्या कुणाच्या केसांना असेल तर दाखव." जरीपेक्षा तिला त्या केसांचंच कौतुक. तिच्या हातच्या मोदकात मात्र आजवर कधी केस निघालेला नाही, हे नणंद असूनही मान्य करते.

आता दादाबद्दल, म्हणजे माझ्या भावाबद्दल, सांगायला हवं. दादा कुत्र्यांना भितो. साधंसुधं भिणं नाही. रस्त्यात समोरून कुत्रं आलं तर तो रस्ताच बदलतो. लहानपणी आम्ही रिजच्या जंगलाजवळ राहायचो. तिथे त्याला कुत्रं चावलं, हिंदूराव हॉस्पिटलात नेऊन पोटात इंजेक्शनं टोचली, आणि ते प्रकरण त्याच्या मनात अजून मिटलेलं नाही. सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर तो वहिनीच्या दुकानात काउंटरवर बसू लागला, पण काचेच्या दाराच्या बाहेर. आत कुत्री, बाहेर दादा, आणि काच बंद. तिथून तो अत्यंत अदबीने कारभार चालवतो. कुणी घाई केली तर म्हणतो, "मॅडम, आपका केस प्रोसेस में है." प्रत्येक कुत्र्याचं नाव, वय, कोणती लस कधी टोचली, सगळं त्याला तोंडपाठ, पण इतक्या वर्षांत एकाही कुत्र्याला त्याने बोट लावलेलं नाही. त्यांची मुलगी, म्हणजे माझी भाची, जर्मनीत असते. दिवाळी जवळ आली की दादा विचारतो, "येतेय का गं ती?" आणि वहिनी "येईल हो, तिकिटाचं बघतेय म्हणाली" असं ठोकून देते. भाची तसं काही म्हणालेली नसते, हे मला ठाऊक असतं. दादा मान डोलावतो आणि पुन्हा काउंटरवर जाऊन बसतो.

नवाबाचं झालं ते एका शनिवारी. मी मेट्रोने सहज तिकडे गेले होते, आणि वहिनीकडे सहज गेलेल्या माणसाच्या हातात लगेच टॉवेल येतो. नवाब टेबलावर उभा होता. मोठा थोरला देह, तोंडावरचे केस पांढरे, आणि नावाला साजेसं शांत बघणं. त्याची मालकीण तरुण होती, डोळे सुजलेले. ती वाईट बाई नव्हती, हे आधीच सांगते. नवऱ्याला कॅनडात नोकरी लागली होती, तिथल्या इमारतीत कुत्रा चालत नव्हता, कोणीतरी फरीदाबादकडच्या एका फार्मचा पत्ता दिला होता. "शाम को वो लोग लेने आएँगे," ती म्हणाली. "बहुत सारे डॉग्ज हैं वहाँ, खुश रहेगा. आंटी, आज इसको एकदम राजा बना दीजिए." आणि मग जरा थांबून, वहिनीचा हात धरून, "आप इसको प्यार से बोल दीजिए ना, कि घूमने जा रहा है. आपकी बात मानता है ये."

वहिनीने नुसता हात सोडवून घेतला. माणसांशी ती अशा वेळी पटकन गोड बोलते, त्या दिवशी तेही नाही. तिने पाणी सोडलं. "आता पाणी येतंय. कोमट आहे," ती म्हणाली आणि पुढची सगळी पोथी नेहमीसारखी वाचली, फक्त आवाज बारीक. साबण झाला, ड्रायर झाला, नखं झाली, कान झाले. कंगवा फिरवून फिरवून तिने नवाबाला असं चमकवलं, की काचेबाहेरून दादासुद्धा उठून बघायला लागला. आणि मग शेवटच्या वाक्याची वेळ आली. वहिनीने तोंड उघडलं आणि मिटलं. पुन्हा उघडलं, पुन्हा मिटलं. मालकीण दारातून हाका मारू लागली, "चलो नवाब, घूमी घूमी!" नवाब हलला नाही. तो वहिनीच्या तोंडाकडे बघत उभा राहिला, अगदी विश्वासाने, शेपटी किंचित हलवत. मला तो टॉवेल कुठे ठेवावा ते कळेना. त्या एका 'घरी'साठी तो दिवसभर उभा राहिला असता, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही.

"झालं," वहिनी म्हणाली. एक श्वास घेतला. "आता घरी." नवाब खाली उतरताच तिने त्याचा पट्टा आपल्या हाताला गुंडाळला आणि मालकिणीला सांगितलं, "ये मेरे घर जाएगा. फार्मवालों को फोन कर दो." मालकीण चक्रावली. "लेकिन आंटी, अंकल तो..." दादाची कीर्ती नोएडापर्यंत पोचलेली आहे. वहिनीने काचेतून दादाकडे बघितलं. विनंती वगैरे काही नाही, नुसतं बघितलं. दादा आधीच उभा होता. त्याने पुढे येऊन काचेचं दार उघडलं, ते ढालीसारखं छातीशी धरून तो भिंतीला चिकटला, डोळे घट्ट मिटले आणि म्हणाला, "आओ. मतलब, जाओ. मी... मी जिन्याने येतो." वहिनी आणि नवाब लिफ्टने गेले, आणि चौथ्या मजल्यावरच्या घरापर्यंत, ते दुखरे गुडघे घेऊन, तो खरोखर जिन्याने आला.

जाण्याआधी ती मुलगी खाली बसून नवाबाच्या गळ्यात पडून खूप रडली. तिला दोष द्यायला माझं मन धजत नाही. पण उठताना त्याच्या कपाळावर ओठ टेकवून ती म्हणाली, "मम्मा जल्दी आएगी, हाँ?" मी वहिनीकडे बघितलं. तिने त्या पट्ट्याचा आणखी एक वेढा हाताला दिला होता.

नवाब अजून त्यांच्याकडे आहे. खातो, झोपतो, पंधरवड्यातून एकदा दुकानात जाऊन चमकून येतो. फक्त संध्याकाळी, लोक कामावरून परतायच्या वेळी, तो फ्लॅटच्या दाराशी जाऊन बसतो आणि लिफ्टचा आवाज ऐकत राहतो. पहिल्यांदा मी ते बघितलं तेव्हा वहिनीला स्वयंपाकघरात गाठलं. "त्याला सांगितलं नाहीस का तू?"

"सांगितलं ना, त्याच रात्री," ती कणीक मळत म्हणाली. "तुझी माणसं लांब गेलीत, येणार नाहीत, आता हेच घर, सगळं सांगितलं. तुला काय वाटलं, वन्सं, त्याच्याशी खोटं बोलेन?"

"मग?"

"मग काय. नीट ऐकून घेतलं, आणि जाऊन दारात बसला." तिने डोळे पुसायला मनगट वर नेलं आणि कपाळाला पीठ लावून घेतलं. तिच्या शब्दावर विश्वास न ठेवणारा तिला भेटलेला हा पहिलाच कुत्रा, आणि तोच तिने घरी आणला.

परवा गेले तेव्हा दाराशी दोघं होते. दादा जमिनीवर, भिंतीला टेकून, आणि त्याच्यापासून वीतभर अंतर राखून नवाब. ते अंतर दादाने राखलं होतं. नवाबाने मात्र मान लांब करून हनुवटी बरोबर दादाच्या पावलावर ठेवली होती. दादाचा चेहरा इंजेक्शन घेताना होतो तसा झाला होता, पण पाऊल जागचं हललं नव्हतं. "चहा इथेच आण गं," तो पुटपुटला, "मला उठता यायचं नाही." मी चहा आणला आणि तिथेच बसले. दिवाळी आठवड्यावर आली होती. खाली कुठेतरी लिफ्टचं दार वाजलं. नवाबाने मान न उचलता कान टवकारले. लिफ्ट वर येऊ लागली, आणि दादाचाही कप ओठांपाशी थांबला. दुसरा मजला. तिसरा. चौथ्यावरून ती न थांबता पुढे गेली.

"आपलं कोणी नाही रे. वरचे आहेत," स्वयंपाकघरातून वहिनीचा आवाज आला, ती दुकानात बोलते तोच, सरळ आणि कोमट.

दादाने मान डोलावली. पाय मात्र त्याने तसाच राहू दिला.