अठरावर उडालेली ठिणगी

फोन वाजत होता आणि मी तो उचलत नव्हते. मे महिन्यातली सकाळ, आमच्या संशोधन संस्थेतली टेस्टिंगची खोली, समोरच्या कपात ट्रान्सफॉर्मरचं तेल, आणि सहापैकी चौथं रीडिंग चाललेलं. रीडिंग अर्धवट टाकून फोनला हात लावायचा नाही, हा पेठकर काकांचा नियम. खिशातला फोन थरथरून गप्प झाला, परत थरथरला. मी मनात म्हटलं, काकाच असणार, स्कूटर काढली म्हणून सांगत असतील... सहावं रीडिंग लिहिलं आणि फोन लावला, तर पलीकडे त्यांच्या पत्नी, सुमनकाकू. "अगं, गेले ते. चहा घेता घेता गेले," एवढंच म्हणाल्या. त्यांच्याच नियमापायी त्यांच्या जाण्याची बातमी मला दहा मिनिटं उशिरा कळली. खरं सांगते, रडू यायच्या आधी मला त्यांचा रागच आला. दर वर्षी तेल तपासायच्या दिवशी अकरा वाजता दारात हजर होणारा माणूस, आणि नेमकं यंदाच यायचं नाही? यंदा मला त्यांना काहीतरी सांगायचं होतं. बारा वर्षं सांगायचं राहिलेलं.

अनंत पेठकर मूळचे अकोल्याचे, पण लखनौत चाळीस वर्षं काढलेले. संस्थेच्या विद्युत विभागाचे प्रमुख म्हणून निवृत्त झाले. मी सांगलीची. नवरा इथे शास्त्रज्ञ म्हणून आला, त्याच्यामागोमाग मी आले आणि काकांच्या हाताखाली कंत्राटावर ज्युनियर इंजिनिअर म्हणून चिकटले. ऑफिसात ते माझे सर, अलीगंजच्या त्यांच्या घरी काका. हिंदी लखनवी थाटाची, समोरच्या चपराशालाही 'आप', आणि मराठीत आले की एकदम वऱ्हाडी. "काऊन वं पोरी, जेवली नाही का?" असं भर कॉरिडॉरमध्ये विचारायचे. पहिल्या महिन्यात मला त्याची लाज वाटायची. दुसऱ्या महिन्यापासून मी त्या हाकेची वाट बघायला लागले.

आणि मे महिना लागला की हा माणूस आवरता आवरायचा नाही! ट्रान्सफॉर्मरच्या पोटात तेल असतं. ते त्याला थंड ठेवतं आणि आतली वीज भलतीकडे उडू देत नाही. त्या तेलात पाणी शिरलं की ही ताकद गेली, आणि मग ऐन पावसाळ्यात एखाद्या दमट दिवशी आतल्या आत भडका. म्हणून पाऊस लागायच्या आधी प्रत्येक ट्रान्सफॉर्मरचं तेल काढून तपासायचं. कपात समोरासमोर दोन धातूची बोंडं, मध्ये दोन-अडीच मिलिमीटरची फट, वर तेल. मग विजेचा दाब वाढवत न्यायचा... वीस, पंचवीस, तीस किलोव्होल्ट... आणि कधीतरी टच्च! तेलातून निळी ठिणगी आरपार. ती ज्या आकड्यावर उडाली ती तेलाची ताकद. तिसाच्या खाली असेल तर तेल गाळून, तापवून, पाणी काढून परत भरायचं. बास, एवढंच काम. पण काकांनी त्याची जत्रा करून ठेवली होती. वाचनालयातल्या मॅडमना बोलवायचे, माळ्याला बोलवायचे, "आइए, आइए, बिजली देख जाइए" म्हणत पाहुण्या शास्त्रज्ञांनाही ओढून आणायचे. साठाच्या पुढे आकडा गेला की स्वतःच्याच पाठीवर थाप मारून घ्यायचे. चाळीस वर्षांत शेकडो ठिणग्या पाहिल्या असतील, पण प्रत्येक वेळी भुवया वर. मलाही ते वेड लागलं, आणि ते काही उतरायची लक्षणं नाहीत.

त्यांचे नियम मात्र सोवळ्याहून कडक. बाटली कोरडी ठणठणीत हवी. नमुना तळाच्या तोटीतून घ्यायचा, कारण पाणी तळाशी बसतं. कप कधीही कापडानं पुसायचा नाही, त्याच तेलानं विसळायचा, नाहीतर धागा राहतो आणि धाग्यावरून ठिणगी अलगद पलीकडे जाते. आणि कपावर वाकून बोलायचं नाही. "बोलू नोको वं, तोंडाची वाफ जाते." दिवसभर अखंड बडबडणारा हा माणूस तेवढ्या वेळापुरता दगड व्हायचा.

आता ती गोष्ट. माझा पहिलाच मे. शीतगृहाच्या इमारतीमागे सगळ्यांत जुना ट्रान्सफॉर्मर होता, अख्ख्या संस्थेची वीज त्यातूनच पुढे जायची. शीतगृहात शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षं जमवलेलं बियाणं. मी नमुना आणला, लावला, आणि ठिणगी अठरावर उडाली. परत लावलं, सतरा. सहाच्या सहा रीडिंगं विशीच्या आत. खरं म्हणजे अशा वेळी दुसरा नमुना घ्यायचा असतो. पण आभाळ भरून आलं होतं, आणि पावसात ट्रान्सफॉर्मर उघडता येत नाही, तेल गाळायचं तर लगेच. काकांनी माझ्या आकड्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि सही ठोकली. पुरवठा बंद. बियाण्याच्या खोल्या जनरेटरवर घेतल्या, आणि बाकी सगळी संस्था बेचाळीस डिग्रीत पंख्याविना. त्यातच त्या दिवशी तपासणी समिती आलेली! संचालकांनी आम्हा दोघांना बोलावून इतकं झापलं की विचारू नका. "एका नव्या मुलीच्या रीडिंगवर?" असं त्यांनी विचारलं. काका शांतपणे म्हणाले, "रीडिंग उसका है, साइन मेरा है." संध्याकाळपर्यंत तेल गाळून झालं, दिवे आले.

घरी येऊन ओढणी काढली आणि माझ्या पायाखालची जमीन सरकली. पांढरी चिकनची ओढणी, लखनौत आल्यावर काकूंनीच मला चौकच्या जुन्या बाजारात नेऊन घेऊन दिलेली. तिच्या टोकाला तेलाचा डाग. तेव्हा आठवलं... कप खाली ठेवताना बोट लागलं, ठसा दिसला, आणि मी ओढणीच्या टोकानं तो सरळ पुसून टाकला होता. घरात ताटवाटी पुसावी तसा! टोकाचं भरतकाम सुटलेलं होतंच. म्हणजे तेल बहुधा चांगलं होतं, खोट माझ्या ओढणीची, आणि त्यापायी अख्खी संस्था दिवसभर उकडली.

सकाळी जाऊन सांगणार होते. अगदी शपथेवर सांगते, वाक्यं जुळवून गेले होते. पण त्याच आठवड्यात माझं कंत्राट वाढवायचा कागद संचालकांच्या टेबलावर होता, आणि काकांनी माझ्यासाठी काल आपली मान पुढे केली होती. आज सांगितलं तर नोकरीही जाईल आणि त्यांच्या नजरेतूनही उतरेन. मूग गिळून बसले. कंत्राट वाढलं. पुढे कायम झाले. आज त्यांच्याच खुर्चीत बसते.

आणि काका? निवृत्तीनंतरही दर मे महिन्यात यायचे आणि नव्या मुलांसमोर माझा हात धरून सांगायचे, "इसी ने एक रीडिंग पर पूरा इंस्टिट्यूट बंद करवाया था." मुलं माझ्याकडे आदरानं बघायची, आणि मला धरणी पोटात घेईल तर बरं असं व्हायचं. खाई त्याला खवखवे म्हणतात ना, तसं. मग ते माझ्याकडे वळून मराठीत विचारायचे, "अजून काही सांगशील का वं यांना?" मला वाटायचं, कौतुकानं विचारतायत, चार शब्द बोल म्हणतायत. मी विषय बदलून चहा मागवायची.

यंदा मी ठरवलं होतं. आता तिथे सही माझी असते. हाताखालची मुलं कप विसळताना माझ्याकडे बघतात. आणखी एक वर्ष ते कौतुक ऐकून घ्यायची माझी तयारी नव्हती. अकरा वाजता ते आले की सगळ्यांदेखत सांगून टाकायचं... आणि दहा वाजता फोन वाजला.

तेराव्याला गर्दी होती. मी चार दिवसांनी परत गेले, एकटी. काकू पुढच्या खोलीत भाजी निवडत होत्या. मीही मेथीची जुडी ओढून घेतली आणि एका दमात सगळं सांगितलं. ओढणी, डाग, कंत्राट, बारा वर्षं. मान वर करायची हिंमत नव्हती. शेवटी पाहिलं तर काकू हसत होत्या, आणि डोळे भरलेले.

त्यांनी सांगितलं ते असं. त्या दिवशी पुरवठा बंद झाल्यावर, तेल गाळायच्या आधी, काकांनी स्वतः दुसरा नमुना घेतला होता. संध्याकाळी दिवे आल्यावर तो दुसऱ्या कपात लावला, तर उत्तम निघाला. मग माझा कप पाहिला, तर तळाशी पांढरा धागा. कागदात गुंडाळून घरी आणला आणि काकूंपुढे धरला, हे कशाचं सूत आहे म्हणून. काकूंनी बघताक्षणी ओळखलं. दुसऱ्या दिवशी काका संचालकांकडे जाऊन सांगून आले होते, की रीडिंग चुकलं, दुसरा नमुना आधी घ्यायला हवा होता, देखरेख आपली होती. माझं नाव त्यात कुठेच नव्हतं.

मी म्हटलं, "मग मला का नाही बोलले? दर वर्षी नुसती मस्करी करत राहिले?"

"मस्करी नव्हे गं," काकू म्हणाल्या. "म्हणायचे, पोरगी प्रामाणिक आहे, एक दिवस आपणहून सांगते की नाही बघ. दर वर्षी तुझ्याकडून आले की मी विचारायची, सांगितलं का? चप्पल काढता काढता म्हणायचे, नाही, औंदा नाही. पुढच्या साली."

मला हुंदका आवरेना. मेथीची पानं हातात तशीच. काकूंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला, आणि मग चाळीस वर्षांच्या सवयीनं आतल्या खोलीकडे मान वळवून, जरा मोठ्यानं म्हणाल्या, "अहो, सांगितलं बरं का हिनं."