पडवीतले मास्तर

"सरका जरा, जागा होते."

आमच्या मास्तरांचं हे वाक्य. जूनमध्ये शाळा उघडली की ते दारात उभे राहून हाताने सरका-सरका करत. पोरं सरकत, भिंतीला टेकत, एकमेकांच्या मांडीवर चढत, आणि खरोखरच जागा होई.

परवा त्याच शाळेच्या समारंभात एका वक्त्याने सांगितलं, "पूर्वी इथे एक मास्तर कोळ्यांच्या पोरांना पावसात बसवायचे. केवढा हा क्रूरपणा!" लोक हळहळले. पहिल्या रांगेत गळ्यात हार घालून मी बसलो होतो, जुना शिक्षक म्हणून. माझी कानशिलं तापली. हे खोटं आहे. ते कसं खोटं आहे हे सांगणारा आता मीच उरलो आहे, म्हणून लिहितो.

गोष्ट तिसाव्या सालाच्या अलीकडची-पलीकडची. तुम्ही रत्नागिरीचे असाल तर जाणताच, पावसाळा लागला की मिरकरवाड्यातले कोळी होड्या किनाऱ्यावर ओढतात, झावळ्यांनी शाकारतात, आणि नारळी पौर्णिमेपर्यंत दर्यात कोणी जात नाही. तेवढे दोन महिने तिथली पोरं मोकळी. ती शाळेत येत आणि पौर्णिमा झाली की वडिलांबरोबर होडीवर जात. बाकीचे मास्तर म्हणत, दोन महिन्यांच्या पाहुण्यांना काय शिकवायचं? आमचे मास्तर म्हणत, "दोनच महिने आहेत, म्हणून घाई."

ती घाई पाहण्यासारखी होती. एकाच खोलीत गावातली पोरं पुढचे धडे गिरवत आणि मिरकरवाड्यातली मुळाक्षरं. मास्तर दोघांमध्ये नाचत असत. जूनअखेर त्यांचा आवाज बसे. गालात ज्येष्ठमधाची काडी धरून ते घोगऱ्या आवाजात शिकवत. संध्याकाळी डोकं धरून बाकावर बसत. मी तेव्हा त्यांच्या हाताखाली नवा लागलो होतो. एकदा म्हटलं, "मास्तर, कशाला एवढा त्रास?"

"चला बाजारात. दाखवतो," ते म्हणाले.

बाजारात शेठच्या दुकानासमोर मिरकरवाड्यातलं एक पोरगं मान वर करून उभं होतं. हे शेठ म्हणजे आमच्या शाळा कमिटीचे अध्यक्ष. पोरगं त्यांची पाटी मोठ्याने वाचत होतं. "रा... स्त... द... र. रास्त दर!" मास्तर तोंडात साखर पडल्यासारखे ऐकत होते. तेवढ्यात पोराने वळून विचारलं, "मास्तरानु, रास्त म्हंजे काय वो?"

"ते शेठना विचार, बाळा."

सगळा बाजार हसला. शेठ हसले नाहीत.

पुढच्याच आठवड्यात शेठ शाळेत आले. नाकाला उपरणं लावून म्हणाले, "मास्तर, या पोरांचा मासळीचा वास आमच्या मुलांना सोसत नाही. ही पडवीत बसतील."

"शेठ, तोच वास दुपारी तुमच्या स्वयंपाकघरातून रस्त्यावर येतो. तेव्हा कोणाला सोसत नाही असं ऐकलं नाही."

"कमिटीचा हुकूम आहे. पडवीत म्हणजे पडवीत!"

आषाढातली पडवी! समोरून झड येई, आडोशाला लावलेली झावळ्यांची झापं वाऱ्याने उडून जात, पाट्यांवरची अक्षरं पुसली जात. हुकूम शेठचा होता, मास्तरांचा नव्हता. हे मी पुन्हा लिहितो, कारण पन्नास वर्षं गाव उलटं सांगत आलं आहे.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी पोरांना पडवीत बसवलं. मग आत आले, स्वतःची खुर्ची उचलून बाहेर नेली, फळा नेला, टेबल मला धरायला लावलं. "हुकूम मोडला नाही. मी कुठे बसायचं ते त्यात नव्हतं," म्हणाले. गावातली पोरं आत कोरडी राहिली, पण फळा दिसायला त्यांना दाराशी गर्दी करावी लागे.

एक कोळीण रोज दुपारी पोराला भाकरी घेऊन येई. ती म्हणाली, "मास्तरानु, तुमी कशाला भिजताव? आमच्या पोरांना सवय हाय, तुमाला नाय."

"होईल हो बाय. आणि पोरांची सवय मोडायची आहे."

सवय झाली नाही. ताप आला. तापात घोंगडी पांघरून ते पडवीत बसत. आणि त्याच दिवसांत शेठने वर तक्रार केली. काय तक्रार? मास्तर पोरांना पावसात बसवतात! ज्याने पोरं बाहेर काढली, त्यानेच!

शाळाखात्याचे दिपोटी साहेब तपासणीला आले. पडवीत भिजलेली पोरं आणि भिजलेले मास्तर पाहिले. मास्तर काही बोलू लागले, पण घशातून आवाज फुटेना. साहेबांनी मला आत बोलावलं. शेठ शेजारी बसले होते.

"हे रोज असंच चालतं?"

"हो, साहेब."

हुकूम कोणाचा, हे त्यांनी विचारलं नाही. मी सांगितलं नाही. नवी नोकरी होती माझी.

नारळी पौर्णिमेच्या आधीच मास्तरांची घाटाच्या पायथ्याच्या एका गावी बदली झाली. सकाळच्या मोटारीने गेले. निरोपाला मिरकरवाड्यातली माणसं होती. गावातलं कोणी नव्हतं. मीही नव्हतो. तिकडे पुढच्या हिवाळ्यात ते वारले, असं कानावर आलं.

त्यांच्या जागी मला नेमलं. मी फळा आत आणला. पडवीतली पोरं दोन दिवस दारातून माना उंच करून पाहत राहिली. तिसऱ्या दिवशी एकही आलं नाही. शेठ सहज डोकावले, रिकामी पडवी पाहिली आणि म्हणाले, "बघा मास्तर, त्यांना शिकायचंच नव्हतं."

मला कोणी मास्तर म्हणण्याची ती पहिलीच वेळ.

मी म्हटलं, "हो, शेठ."