समुद्र उजव्या हाताला

सासरे महिनाभर जर्मनीत, बॉबलिंगेनला आमच्याकडे राहायला आले होते. एका रविवारी जेवताना त्यांनी फोनवरची बातमी मोठ्याने वाचली. पट्टायातली बारची ती प्रसिद्ध गल्ली म्हणे बदलणार, तिथे आता कुटुंबांसाठी हॉटेलं आणि मॉल येणार.

बायको म्हणाली, "मग पुण्याला जाताना जाऊ या की! पण तिथून समुद्र दिसतो का?"

"उजव्या हाताच्या बारच्या मागेच आहे," मी बोलून गेलो.

साखरपुड्यानंतर मित्रांनी मला तिथे नेलं होतं आणि दोन्ही घरी मी बंगळूरचं ट्रेनिंग सांगितलं होतं. इतकी वर्षं गप्प बसलो आणि आमटी-भात खाताना माती खाल्ली!

"म्हणजे जावईबापू, गाइड करायला नको," सासरे चष्म्यावरून बघत म्हणाले. बायकोने हातातला घास ताटात ठेवला.

मी उठलो, रिकाम्या बाटल्यांची पिशवी उचलली. "कोपऱ्यावरच्या डब्यात टाकून येतो."

"बाबा, होइटे इस्ट झोन्टाग," लेक म्हणाली. आज रविवार. शेजाऱ्यांना आवाजाचा त्रास नको म्हणून रविवारी काचेच्या बाटल्या टाकायला इथे बंदी असते. हा नियम तिला मीच शिकवला होता.