सुंदरदादाचा फंक

ऑर्केस्ट्राच्या टेम्पोत स्पीकरच्या खोक्यांपेक्षा किस्सेच जास्त साठतात. खोकी परभणीला आली की उतरवता येतात, किस्से तसेच एकमेकांवर पडून राहतात. मी त्या टेम्पोत ऑर्गन सांभाळत बसायचो, शेजारी सुंदरदादा. ड्रम वाजवता वाजवता गाणारा आमच्या भागात तो एकटाच. त्यामुळे माझ्याकडचे बहुतेक किस्से त्याचेच.

*

पाथरीचा एक टेलर दुबईहून आला, त्यानं दादाला फंकची कॅसेट दिली. अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं संगीत. दादानं एसटीत टेपरेकॉर्डर मांडीवर घेतला, कॅसेट लावली आणि डोळे मिटले. परभणी आली, सगळे उतरले, हा तसाच. कंडक्टरनं खांदा हलवून विचारलं, "कुठं जायचंय?"

दादा म्हणाला, "जाऊन आलो."

*

फंक म्हणजे नेमकं काय, असं आम्ही त्याला सारखं विचारायचो. एकदा चहा पिता पिता म्हणाला, "पहिल्या ठोक्याला पाय भुईवर. बाकी सगळा वेळ माणूस हवेत."

*

बोरीच्या एका लग्नात त्यानं वरातीच्या गाण्याखाली हळूच फंकचा ठेका सरकवला. लोक आधी गोंधळले, मग नाचायला लागले ते थांबेचनात. मांडव समोर दिसायलाय, पण वरात पुढं सरकेना. मुहूर्त टळला. नवरीचा बाप गर्दीतून वाट काढत आला, तसं आम्ही वाजवणं थांबवलं.

तो दादाला म्हणाला, "संध्याकाळचा बी मुहूर्त हाय. वाजवा तुमी."

*

चारठाण्याला कार्यक्रमाआधी दुपारी दादा जुन्या देवळाच्या पायरीवर बसून फंकचं गाणं गुणगुणत होता. गवताचा भारा घेतलेली एक म्हातारी थांबली, गाणं संपेपर्यंत उभीच राहिली. मग तिनं विचारलं, हे कोणत्या देवाचं? दादा म्हणाला, देवाचं न्हाई मावशी, मला तर यातला एक शब्द कळत न्हाई.

"मग देवाचंच हाय," म्हातारी म्हणाली आणि चालू लागली.

*

दादाचे वडील तरुणपणी गावात हलगी वाजवायचे. मढं असो की जत्रा, बोलावलं की जावंच लागायचं. ती गावकी नको म्हणून त्यांनी हलगी नदीत सोडली. दादा तेव्हा जन्मलाही नव्हता. पुढं लेक ड्रमवर बसला तसं त्यांनी बोलणंच टाकलं. कातडं सुटावं म्हणून आमचा जन्म गेला, एवढंच शेवटचं म्हणाले. एका घरात, एका चुलीवर जेवून वर्षानुवर्षं बापलेकात शब्द नाही. दादाला ते लय लागायचं, पण ड्रम सुटत नव्हता.

विद्यापीठाचं नामांतर झालं तेव्हा त्यांच्या वस्तीत दुपारपासून गर्दी होती. दादानं ड्रम अंगणात मांडला आणि कुठल्याच गाण्यात नसलेला, स्वतःचा असा एक ठेका धरला. तेवढ्यात वडील आले. लोक बाजूला झाले. ते ड्रमपाशी भुईवर बसले आणि डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकत राहिले. मग बोलले.

"हे कोणी शिकवलं?"

"कोणीच न्हाई, बा. ऐकून ऐकून आलं."

वडिलांनी त्याच्या हातांकडं बघितलं.

"हे तुझ्या आज्याचं हाय," ते म्हणाले. "त्यो तर तू व्हायच्या आधीच गेला. तू कधी ऐकलंस?"