हॉकमॉथच्या नादी लागलेले आम्ही चौघं

किस्से कुणी ठरवून गोळा करत नाही. ते घरातल्या प्लास्टिकच्या पिशव्यांसारखे असतात. एकेक येते, आपण घडी करून ठेवतो, आणि एक दिवस कपाट उघडलं की सगळ्या अंगावर! आमचंही तसंच झालंय. चार माणसं पतंग बघायला म्हणून बाहेर पडलो आणि येताना दर वेळी किस्से घेऊन आलो.

आधी ओळख करून देतो. भिरूड सर आमचे म्होरके. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे, आता रिटायर झालेत, पण शिकवणं काही सुटलेलं नाही. सलीमभाईंचं ग्रिल-गेटचं वर्कशॉप आहे. वैशाली पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. आणि माझं पिंप्राळ्यात चष्म्याचं दुकान आहे. चौघांना वेड एकच, हॉकमॉथ. म्हणजे विमानासारख्या पंखांचे, जाडजूड अंगाचे मोठे पतंग. फुलावर बसायचं सोडून हवेत एका जागी थांबतात आणि लांबलचक सोंडेनं मध पितात. सलीमभाईंच्या अम्मी त्यांना 'हाकमोठी' म्हणतात. "गेला का रे तुझा हाकमोठी बघायला?" असं गल्लीभर विचारत फिरतात!

* * *

आमची पहिली अडचण म्हणजे 'पतंग' हा शब्दच.

डिसेंबर संपत आला होता. थंडीत हॉकमॉथ कमी दिसतात, पण दिवसा उडणारा एखादा सापडेल या आशेनं आम्ही सोनगीरच्या किल्ल्याखाली झुडपं धुंडाळत होतो. तेवढ्यात मोटरसायकलवरून एक हवालदार आले.

"काय चाललंय?"

"पतंग बघतोय," मी म्हणालो.

झालं! नायलॉन मांजाच्या विरोधात तेव्हा जोरात कारवाई चालू होती. हवालदारांनी गाडी स्टँडवर लावली आणि म्हणाले, "पिशवी उघडा. मांजा कुठंय?"

पिशवीत निघालं काय? पांढरी चादर, रिकामे डबे, भिंग आणि वैशालीनं आणलेल्या कळण्याच्या भाकरी. हवालदारांचा संशय आणखीच वाढला.

मग सर पुढे झाले. "हे बघा, पतंग म्हणजे तो नव्हे..." इथून जे सुरू झाले ते थेट अंडी, अळी, कोष. अळीच्या शेपटीवर शिंग का असतं, ती मातीत शिरून कोष कसा करते, सोंड गुंडाळून कशी ठेवते! हवालदार उभे. एका पायावरून दुसऱ्या पायावर. मध्ये एकदा त्यांनी गाडीची किल्ली काढली, तर सर म्हणाले, "थांबा, परागीभवन राहिलं."

शेवटी हवालदारांनी हात जोडले. "सर, तुम्ही मला सोडलं तर मी तुम्हाला सोडतो!"

* * *

पतंग बघायची आमची पद्धत साधी आहे. अंधार पडला की दोरीवर पांढरी चादर टांगायची, तिच्यावर मोठ्या दिव्याचा झोत सोडायचा आणि वाट बघायची. एकदा माझ्या बिल्डिंगच्या गच्चीवर हा बेत केला. दिवस आयपीएलचे.

पहिल्यांदा तळमजल्यावरचे वाणी काका आले, हातात खुर्ची. मग दुसऱ्या मजल्यावरची दोन कुटुंबं सतरंजी आणि मुरमुरे घेऊन आली. मग कुणीतरी थंड पाण्याचा जार वर आणला. मला वाटलं, वा! लोकांना निसर्गाची केवढी गोडी!

बराच वेळ चादरीवर बारीक किडे, तुडतुडे, एखादा भुंगा. मुरमुरे संपले. शेवटी वाणी काकांना राहवेना.

"प्रोजेक्टर बिघडला का हो? टॉस तरी कोण जिंकलं?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला! सगळे मॅच बघायला आले होते. मी तोंड उघडणार, एवढ्यात भर्रकन आवाज झाला आणि एक भलामोठा कण्हेरीवरचा हॉकमॉथ चादरीवर येऊन टेकला. हिरवागार, गुलाबी झाक, संगमरवरावर असते तशी नक्षी. मग पोरांनी शिट्ट्या मारल्या, बायकांनी मोबाइल काढले.

वाणी काका खुर्चीतून उठले, चष्मा पुसून अगदी जवळ गेले आणि खालच्या मजल्यावरच्यांना ऐकू जाईल असं ओरडले, "सिक्सर!"

* * *

वैशालीच्या सासूबाईंचा अळू पिंप्राळ्यात प्रसिद्ध. मोरीच्या पाण्यावर वाढलेला, पानं सुपाएवढी. सासूबाई रोज सकाळी त्याला नमस्कार करतात की काय असं वाटावं, इतका जीव!

एक दिवस त्यांनी पान उलटं केलं आणि किंचाळल्या, "साप!"

साप कसला? हॉकमॉथची अळी. हिच्या अंगावर डोळ्यांसारखे ठिपके असतात. घाबरली की मान आत ओढून पुढचा भाग फुगवते आणि हुबेहूब सापाच्या पिल्लासारखी बघते. विष नाही, चावणं नाही, नुसता आव! सासूबाईंनी खराटा उचलला. वैशाली धावत आली आणि अळीच्या आणि खराट्याच्या मध्ये उभी राहिली.

"आई, मारू नका. मी सांभाळते."

"अगं, माझी पानं चाळण केली त्यानं!"

"थोडे दिवस फक्त. मग मातीत जाईल."

घरात दोन दिवस अबोला. वैशालीनं अळी डब्यात ठेवली, वर जाळी बांधली. ती लॅबला गेली की मागे डब्याशी सासूबाई एकट्या. तिसऱ्या दिवशी वैशाली घरी आली, तर डब्यात ताजं पान, तेही धुऊन-पुसून ठेवलेलं. त्यानंतर मात्र सकाळी पान घालायचा मान सासूबाईंनी कुणाला दिला नाही. "जून पान खात नाही तो. कोवळं लागतं," असं शेजारणीला सांगताना वैशालीनं स्वतःच्या कानांनी ऐकलं!

त्याच आठवड्यात सासूबाईंचे भाऊ भुसावळहून आले. दर वेळचा त्यांचा हट्ट ठरलेला. "अक्का, अळूवड्या कर."

सासूबाई म्हणाल्या, "नाना, या खेपेला शेवभाजी खा. अळूला आधीच एक पाहुणा आलाय, त्याचं जेवण व्हायचंय."

* * *

भडगावकडच्या एका गावातले मुख्याध्यापक. माणूस उत्साही. त्यांचा सरांना फोन आला, "सर, ताबडतोब या. आमच्या शाळेत हमिंगबर्ड आलाय!"

सर म्हणाले, "हमिंगबर्ड भारतात नसतो."

"आमच्याकडे आहे ना! सदाफुलीवर रोज येतो!"

आम्ही गेलो. आणि खरंच, भर उन्हात सदाफुलीच्या ताटव्यावर इवलासा जीव हवेत उभा राहून या फुलातून त्या फुलात चोच घालत होता. पण ती चोच नव्हती, सोंड होती. दिवसा उडणारा हॉकमॉथ! भलेभले फसतात.

सरांनी मुख्याध्यापकांना बाजूला घेऊन समजावलं. त्यांचा चेहरा पडला. म्हणाले, "सर, फ्लेक्स छापून आलाय हो."

फाटकावर खरोखरच भला मोठा फ्लेक्स होता. 'आमच्या शाळेत पहा : हमिंगबर्ड!' शेजारी मुख्याध्यापकांचा फोटो, पक्ष्यापेक्षा मोठा. दुसऱ्या दिवशी पालकसभा, गावातली मोठी माणसं येणार.

"पक्षी म्हणून चालवून घ्या ना सर, एक दिवस?"

सर म्हणाले, "पोरांना खोटं कसं सांगणार?"

मुख्याध्यापकांनी एकदा फ्लेक्सकडे बघितलं, एकदा सदाफुलीकडे. मग म्हणाले, "नाही सांगणार सर. काहीतरी करतो."

महिन्याभरानं त्याच रस्त्यानं जाणं झालं. फ्लेक्स जागेवरच होता. फक्त 'हमिंगबर्ड'च्या खाली पेंटरकडून ठळक लाल अक्षरांत एक ओळ वाढवून घेतलेली होती : 'सहा पायांचा'.

* * *

सलीमभाई कमी बोलतात, पण त्यांच्या वाट्याला किस्से मोठे येतात.

धुळ्याच्या एका कॉलेजात सरांचे जुने विद्यार्थी शिकवतात. त्यांना पोरांना दाखवायला जिवंत कोष हवा होता. सलीमभाईंना कामानिमित्त धुळ्याला जायचंच होतं, म्हणून मिठाईच्या डब्यात माती घालून, वर भोकं पाडून कोष त्यांच्याकडे दिला. सर म्हणाले, "निर्धास्त जा. उमलायला अजून अवकाश आहे."

बसनं पारोळा सोडलं आणि डब्यात खुडखुड सुरू झाली. शेजारी एक आजीबाई बसल्या होत्या. म्हणाल्या, "काय शे रे बापा, पेढा हालस का?"

सलीमभाईंनी झाकण उघडलं, तर कोष फुटलेला आणि पतंग बाहेर! ओलाचिंब, पंख चुरगळलेल्या कागदासारखे. अशा वेळी त्याला उभ्या जागेवर चढून लोंबकळावं लागतं, तरच पंख खाली सुटून ताठ होतात. पडला तर पंख वाकडे राहतात, आणि मग जन्मभर उडणं नाही. तो सलीमभाईंच्या बाहीवरून चढला, खिडकीच्या गजाला टांगलेल्या आजीबाईंच्या पिशवीवर गेला आणि तिथं लटकला.

कंडक्टर आले. "चाचा, हे काय जनावर? फेका बाहेर!"

सलीमभाई उठून उभे राहिले. "साहब, अभी पैदा हुआ है. पंख सुकेपर्यंत थांबा. धुळ्यात मी स्वतः उतरवतो."

कंडक्टर काही बोलणार, तोच आजीबाईंनी पिशवीवर हात आडवा धरला. "ऱ्हाऊ द्या तठेच! वल्ली बाळंतीण शे ती. कोणी हात लावू नका!"

आता आजीबाईंपुढे कोण बोलणार? पण खड्डा आला की पिशवी झुलायची आणि सलीमभाईंचा जीव वर-खाली व्हायचा. शेवटी ते पुढे जाऊन ड्रायव्हरला म्हणाले, "भाऊ, ब्रेक जरा आस्ते."

ड्रायव्हरनं आरशातून मागे बघितलं, मान हलवली, आणि पुढचा सगळा रस्ता बस अशी नेली की जणू मागे काचेचं सामान आहे. गतिरोधक आला की मागचे प्रवासीच ओरडायचे, "हळू, हळू!" धुळं जवळ येईतो पंख पूर्ण सुटले. आजीबाईंनी स्वतःच्या कानशिलांवर बोटं मोडून त्याची दृष्ट काढली.

बस धुळ्याला उशिरा पोचली. स्टँडवरच्या माणसानं ड्रायव्हरला विचारलं, "काय झालं? लेट का?"

ड्रायव्हर उतरता उतरता म्हणाला, "डिलिव्हरी केस होती!"

* * *

आता हा शेवटचा. या वेळी सरांबरोबर मी होतो, त्यामुळे ऐकीव काही नाही.

आम्ही दोघं धुळ्यातच होतो. दिवेलागणीला सरांच्या एका जुन्या विद्यार्थ्याचा, रवींद्रचा फोन आला. गाव धुळ्याजवळच. "सर, तुम्हीच या. आबांच्या खोलीत काहीतरी शिरलंय. अंगावर कवटी आहे त्याच्या."

रवींद्रचे वडील, आबा, ऐंशीच्या पुढचे. तापानं झोपले होते. ताप उतरला, डॉक्टर म्हणाले आता काही आजार नाही, पण आबा उठेनात. जेवण नाही, बोलणं नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. घरात कुणी उघड बोलत नव्हतं, पण लेकी सासरहून येऊन राहिल्या होत्या.

आम्ही पोचलो तेव्हा सगळं घर ओसरीवर. एक लेक तोंडात पदर धरून रडत होती. सून म्हणाली, "बोलावणं आलं सर. त्याच्या पाठीवर तोंड आहे, माणसाचं." रवींद्रच्या हातात केरसुणी होती, पण मारायचाही धीर होत नव्हता.

सर आत गेले, मागोमाग मी. आबांच्या उशाशी, भिंतीवर, तळहाताएवढा पतंग बसला होता. काळपट पंख, पोटावर पिवळे पट्टे, आणि पाठीवर खरोखरच कवटी. मला ठाऊक होतं की तिळाच्या शेतात वाढणारा हा हॉकमॉथ आहे, मधाच्या पोळ्यांत शिरून चोरी करणारा. तरी त्या खोलीत माझ्या अंगावर काटा आला.

सरांनी हळूच बोट त्याच्या पायांखाली सरकवलं. तो बोटावर चढला आणि ओरडला. होय, हा पतंग ओरडतो! उंदरासारखा, चिरका, स्पष्ट. दारातून बघणारी लेक मागच्या मागे बसली.

आणि आबांनी कूस बदलली.

इतक्या दिवसांत पहिल्यांदा. डोळे उघडले, सरांच्या बोटाकडे टक लावून बघत राहिले. तो परत ओरडला.

"काय म्हणस तो?" आबांनी विचारलं. आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा.

सर कॉटच्या कडेला बसले. बोट आबांच्या जवळ नेलं आणि म्हणाले, "भूक लागली म्हणतो, आबा. मध मागतोय."

आबा कोपरावर भार देत उठायला लागले. रवींद्रनं केरसुणी टाकून पाठीला हात दिला.

"मंग बठ्ठा उभा काय ऱ्हायनात?" आबा दारात थबकलेल्या सगळ्यांकडे बघून म्हणाले. "त्याले मध द्या. अन् माले चहा. साखर टाकीसन!"