लेकीचा होकार

आमच्याकडं चार माणसं बसल्याबिगर काय ठरत न्हाई. लग्न असो, वाटणी असो, न्हाईतर सामायिक विहिरीची मोटर. म्हणून लेकीच्या उपचाराचं ठरवायचं झालं तवा मी केंदूरहून थोरल्या भावाला घेतलं, खुटबावहून मामांना आन् त्यांच्या भावाला घेतलं, लेकीला मधी बसवलं आन् जीप करून पुण्याच्या दवाखान्यात गेलो. मामा म्हंजी माझे सासरेच. मामाची पोरगी केली, नातं घरातच राहिलं, सगळे खूश होते. दोघांच्याबी रक्तात एकच दोष लपलाय, हे लेक झाल्यावर कळलं.

लेकीला थॅलेसेमिया हाय. अंगात रक्त नीट तयारच होत न्हाई, सारखं बाहेरचं चढवावं लागतं. आता नववीत हाय. चेहरा पिवळा पडतो, जिना चढताना धाप लागते, तरी शाळा बुडव म्हटलं की फणकारते. तिला रक्ताला नेणं-आणणं बायकोच करते. मी रांजणगावला कंपनीत, शिफ्ट सोडून कुठं जाणार?

डॉक्टरबाईंनी जे सांगितलं ते ऐकून माझं डोकंच चालेना. लेकीच्याच पेशी बाहेर काढायच्या, आईच्या पोटात असताना जे रक्त बनत होतं ते बनवायची बंद पडलेली सोय त्यांच्यात पुन्हा चालू करायची, आन् त्या परत तिच्या अंगात सोडायच्या. आमी कंपनीत केसाहून बारीक, मायक्रॉनच्या मापाच्या गप्पा मारतो. हे तर त्याच्याबी कुठल्या कुठं आतलं! पण त्याआधी कडक औषध द्यावं लागतं, त्यानं पुढं मूल होण्यात अडचण येऊ शकते, आन् उपचार अजून अभ्यासातला हाय, हेबी त्यांनी लपवलं न्हाई.

मामा म्हणाले, "मग बाई, एकदाच असं करा की तिच्या पोराबाळांनाबी ह्यो दोष जायला नको."

"पुढच्या पिढ्यांत उतरेल असा बदल करायला परवानगी नाही."

"का वो? चांगलंच हाय की."

"चुकलं तर भोगायचं त्यांनी. आणि जी अजून जन्मालाच आली नाहीत, त्यांना विचारणार कोण?"

न जन्मलेल्या लेकराचंबी मत धरणारं कुणीतरी ह्या जगात हाय तर.

"आमचं ठरलंय," मी म्हणालो. "करून टाका."

"आता तुम्ही सगळे बाहेर थांबा. मला तिला एकटीला विचारायचंय."

माझं टाळकं फिरलं. "पोरीला काय विचारता? बाप हाय की हितं."

"तिनं हो म्हटल्याशिवाय मी सुरुवातही करणार नाही." बाईंनी आवाज चढवला न्हाई, पण दार लावलं.

चौघं बाकावर बसलो. एवढी विद्या हातात असून सगळं एका नववीतल्या पोरीच्या होकारापाशी थांबतं, ह्याचंच मला जास्त नवल वाटत होतं. आन् रागबी येत होता, खोटं कशाला बोलू.

दार उघडलं. लेक माझ्याकडं न बघता मामांना म्हणाली, "आबा, आईला का न्हाई आणलं?"

मामांनी माझ्याकडं बघितलं.

"मला पुढं पोरं होतील का न्हाई, हे आईशी बोलल्याबिगर मी हो म्हणायची न्हाई."

जीपमधी जागा नव्हती, असं काहीतरी माझा भाऊ पुटपुटला. जागा होती. बैठकीला बाईमाणूस न्यावं, हे आमच्यातल्या एकाच्याबी डोक्यात आलं नव्हतं. सुई टोचताना दर वेळी जिचा हात लेक धरते, तिला आमी घरी ठेवून आलो होतो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढच्या खेपेला मायलेकी आत गेल्या, मी बाहेर. घेतलेला चहा हातातच गार झाला. आतून आधी बायकोचं रडणं ऐकू आलं, मग दोघींचं हसणं. काय बोलल्या ते मला आजवर कुणी सांगितलेलं न्हाई.

बाहेर आल्या तवा होकाराच्या कागदावर लेकीची सही झालेली होती, खाली तिच्या आईची. बायकोनं पेन माझ्यापुढं धरलं.

"आता तुमी करा," ती म्हणाली.