लिटरला बावीस

"आधी जॅकेट, मग सीट, आणि अगदीच जीव जायला लागला तर हीटर." गाडीत बसलं की ते हे म्हणायचे आणि हीटरच्या बटणावर तळहात झाकून धरायचे, ताटातला शेवटचा लाडू लहान मूल झाकून धरतं तसा.

सेंदाईच्या आमच्या ऑफिसात ते सगळ्यांत जुने. जपानी मंडळी आडनावापुढे सान लावून हाक मारत, मी मात्र दादा म्हणायचे. पन्नाशी ओलांडलेले, मूळचे कऱ्हाडचे, पुण्यात शिकलेले. मी नवऱ्यामागून इथे आले, चार वर्षं घरी बसून भाषा शिकले आणि मग त्यांच्या टीममध्ये टेस्टिंगच्या कामाला लागले. आठवड्यातून दोनदा आम्हाला घाट ओलांडून यामागाताकडच्या एका कारखान्यात जावं लागे. गाडी त्यांची, हायब्रिड. मागची सीट लॅपटॉपच्या बॅगांची, पुढची माझी. मागच्या एप्रिलात ते कोबेच्या ऑफिसात गेले. तिथे बर्फ क्वचितच पडतो.

असा माणूस तुमच्याही ओळखीत असेल. एरवी हात सढळ, कोन्बिनीत, म्हणजे कोपऱ्यावरच्या चोवीस तास उघड्या दुकानात, कॉफीचे पैसे दुसऱ्याला देऊ देणार नाही, पण एका ठिकाणी कवडीचुंबक. ह्यांची ती जागा म्हणजे पेट्रोल. हायब्रिडचं इंजिन सिग्नलला बंद होतं आणि गाडी बॅटरीवर सरकते, एवढं मलाही माहीत होतं. पण थंडीत हीटर लावला, की आतली हवा गरम ठेवण्यासाठी तेच इंजिन बंद व्हायचं नाव घेत नाही, हे त्यांनी मला शिकवलं. उन्हाळ्यात लिटरला सव्वीस देणारी गाडी हिवाळ्यात सतरावर येते. ते तिला बावीसवर धरून ठेवत.

त्यासाठी त्यांची तयारी नोव्हेंबरातच सुरू व्हायची. पाण्याच्या नळांना थंडीसाठी गुंडाळतात तो करडा फोम ते दुकानातून आणत, नीट कापत आणि गाडीच्या पुढच्या जाळीच्या फटींत बसवत, म्हणजे इंजिनाला वारं लागत नाही. "गाडीने कानटोपी घातली का?" आम्ही विचारायचो. दर सोमवारी टायरमधली हवा तपासायची, कारण थंडीने ती उतरते. आधी लांबचं काम, मग जवळची, म्हणजे इंजिन एकदाच तापवावं लागतं. सोबत बसणाऱ्याला मांडीवर गरम पाण्याची रबरी पिशवी मिळे. सीट तापवायचं बटण मात्र दाबायला परवानगी होती. "त्याला बॅटरी पुरते," ते उदार होऊन सांगत.

मी हसायचे, पण खरं सांगते, मला भीती वाटायची. हीटर नसला की समोरची काच आतून धुकटते. ते एका हाताने स्टिअरिंग आणि एका हाताने फडकं धरून चालवत, आणि आपल्याला घाट म्हटला की डोळ्यांपुढे येतो तो घाट हा नव्हे. दोन्ही बाजूंना माणसापेक्षा उंच बर्फ, मध्ये काळा चकचकीत रस्ता आणि समोरून येणारे ट्रक. मी जीव मुठीत धरून बसायचे. नवऱ्याला म्हटलं तर तो म्हणाला, "अगं, पंचवीस वर्षं चालवतायत ते." त्यांनी आजवर गाडी कधी कुठे घासली नव्हती, हेही खरं होतं.

आणखी एक सवय होती, तिचं मला हसू कधी आलं नाही. टाकी अर्ध्याच्या खाली गेली की ते बोलेनासे होत. पुढचा पंप येईपर्यंत गाडीत चकार शब्द नाही. टाकी भरली की पहिलं वाक्य, "हं, काय म्हणत होतो मी?"

दोन वर्षांपूर्वीचा जानेवारी. कारखान्यातलं काम दुपारी एकला संपलं आणि आम्ही परत निघालो. घाटात शिरलो तेव्हा भुरभुर होती. माथ्याच्या अलीकडे पुढे कुठेतरी एक ट्रक आडवा घसरला आणि सगळी रांग जागच्या जागी थांबली. अर्ध्या तासाने मागचा रस्ताही बंद झाला. तासाभरात आमच्या पुढची गाडी दिसेनाशी झाली, नुसता एक पांढरा उंचवटा उरला.

त्यांनी गाडीत ठेवलेलं फावडं काढलं, बाहेर गेले, मागे काहीतरी उकरून पुन्हा येऊन बसले. पंधरा मिनिटांनी परत तेच. मी विचारलं, "इंजिन तर बंद आहे ना, दादा?"

"आत्ता आहे. ही गाडी विचारून सुरू होत नाही. बॅटरी उतरली की आपली आपण चालू होते. तेव्हा सायलेन्सरचं तोंड बर्फात बुजलेलं असलं तर विषारी वायू आत येतो. त्याला वास नसतो. माणसाला फक्त झोप येते."

"बंदच करून टाकली तर?"

"मग सीटही गार. आणि परत चालू झाली नाही तर?"

हे त्यांनी अगदी ऑफिसातल्या आवाजात सांगितलं. त्यानंतर मी इंजिनाचा आवाज ऐकत बसले. आवाज नसला की आता येईल म्हणून भीती, आला की भीती.

नवरा त्या आठवड्यात टोकियोला होता आणि मुलगी होइकुएनमध्ये, म्हणजे पाळणाघरात. मी फोन लावला. तिथल्या बाईंनी सांगितलं, काळजी करू नका, तुम्ही येईपर्यंत मी थांबते, आणि फोन मुलीकडे दिला. "मामा, मादा?" ती म्हणाली. आई, अजून किती वेळ, असं. घरीही ती जपानीतच बोलते. मी मराठीत म्हटलं, "येते हं सोनू, दादाकाकांबरोबर आहे." मग फोन ठेवला आणि बॅटरी वाचवायला बंद केला. ती चार वर्षांची होती. मी नसले तर ती कुठली भाषा बोलत मोठी होईल, असला भलताच विचार माझ्या मनात आला आणि जाईना.

साडेचारला अंधारायला लागलं. रबरी पिशवी कधीच गार पडली होती. सीटमुळे पाठ तेवढी ऊब धरत होती, पायांची बोटं आपली वाटत नव्हती. त्यांनी आपलं जॅकेट काढून माझ्या पायांवर टाकलं आणि स्वतः स्वेटरवर बसले. त्यांचे ओठ निळसर दिसत होते.

"दादा, थंडी वाजतेय मला."

त्यांचा हात बटणाकडे गेला आणि तिथेच झाकून राहिला.

"पाऊण टाकी आहे," मी म्हणाले. "सकाळपर्यंत पुरेल."

"माहीत आहे."

"मग लावा ना."

ते हलले नाहीत. हात उचलला जात नव्हता. भीतीने मला राग आला. वडीलधाऱ्या माणसाचा हात मी आयुष्यात पहिल्यांदा धरून बाजूला केला आणि बटण दाबलं. इंजिन सुरू झालं. मला वाटलं आता ओरडतील. ते काचेकडे बघत राहिले.

"दोन हजार अकराच्या भूकंपानंतरचा पाचवा दिवस होता," ते म्हणाले. "आई कऱ्हाडहून आली होती, तीन महिन्यांसाठी. छातीत दुखायला लागलं तिच्या. फोन लागत नव्हते, पेट्रोल कुठेही मिळत नव्हतं. तेव्हाही हायब्रिडच होती माझी. टाकीची शेवटची रेघ लुकलुकत होती आणि हॉस्पिटल सत्तावीस किलोमीटर. मार्चचा बर्फ. ती मागे दोन रजयांत. म्हणाली, थंडी वाजते रे. मी हीटर लावला."

मी त्यांच्याकडे वळले.

"चार किलोमीटर कमी पडले. मी नंतर गणित मांडलं. हीटर नसता तर सहा जास्त मिळाले असते."

"मग काय केलंत?"

"पाठीवर घेतली. पोचलो तेव्हा ती बोलत नव्हती."

त्यांचं गणित बरोबर होतं की चूक, मला माहीत नाही. पाच दिवस पेट्रोल न मिळालेल्या शहरात, बर्फात, कुणाची गाडी किती जाते ते कोण सांगणार? पण इतकी वर्षं त्यांनी ते गणित मनाशी जपलं होतं, आणि आम्ही गाडीच्या कानटोपीला हसत होतो. मला फार लाज वाटली. त्यांचा हात परत धरावासा वाटला, पण धरवला नाही, आमच्यात तशी पद्धत नाही.

गाडी हळूहळू गरम झाली. पायांत मुंग्या आल्या. मी त्यांचं जॅकेट त्यांना परत पांघरलं आणि बाजूला पाहिलं तर त्यांची मान छातीवर आली होती, डोळे मिटलेले.

माणसाला फक्त झोप येते.

"दादा." मी खांदा हलवला. त्यांनी हुंकार दिला आणि मान पुन्हा पडली. मागच्या वेळी ते बाहेर कधी गेले होते, वीस मिनिटं की चाळीस, आठवेना. मी माझी काच खाली केली, त्यांच्या पायांशी पडलेलं फावडं ओढलं आणि बाहेर पडले. कमरेइतका बर्फ. गाडीला हात लावत लावत मागे गेले. सायलेन्सर नेमका कुठल्या बाजूला असतो हे मी इतक्या फेऱ्यांत कधी पाहिलंच नव्हतं. आधी चुकीच्या बाजूला उकरलं. मग उजवीकडे. फावड्याने जमेना तेव्हा हातांनी. मी मोठ्याने मुलीचं नाव घेत होते, ते मला नंतर कळलं. शेवटी हातमोज्यावर गरम वाफेचा झोत आला. वाट थोडी उघडीच होती. मी ती आणखी रुंद केली, दोन्ही हातांनी, गरज होती त्याच्या कितीतरी जास्त.

परत येऊन दार उघडलं तेव्हा ते जागे होते, किंवा अर्धवट जागे. पट्टा सोडून पूर्ण मागे वळले होते आणि लॅपटॉपच्या बॅगांवरून हात लांब करून मागच्या सीटपर्यंत हवा पोचते का ते पाहत होते.

"आलं का गं आई, गरम?" ते म्हणाले.

मी आत बसले, काच वर केली आणि दार पटकन ओढून घेतलं, मागची हवा गार होऊ नये म्हणून.